नवव्या मात्रेचा हात

संगीतातलं मला एकच काम येतं. तीनतालाच्या सोळा मात्रांपैकी नववी मात्रा आली की उजवा हात हवेत बाजूला न्यायचा आणि टाळी वाजवायची नाही. तिसरीपासून दहावीपर्यंत, आठ वर्षं, मी एवढंच शिकले. टाळी न वाजवायला शिकायला आठ वर्षं कशी लागतात, असं कुणी विचारलं तर मला नीट सांगता येणार नाही. पण लागली खरी.

हे लिहावं की नाही याचा मी बरेच दिवस विचार करत होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. त्यामुळे मी वहीत काही लिहायला बसले की घरचे रेडिओ बारीक करतात, आणि मी लिहिते ते महत्त्वाचं असणार असं धरून चालतात. हे महत्त्वाचं आहे का, मला माहीत नाही. खरं मात्र आहे. कारण याच गोष्टीत मी घरी आठ वर्षं खोटं बोलले, तेवढं पुरे झालं.

आमची खोली कासारवाडीला, रेल्वेच्या रुळांपासून हाकेच्या अंतरावर. अण्णा, म्हणजे माझे वडील, नगर जिल्ह्यातून इकडे आले आणि एका कंपनीत प्रेस शॉपला लागले. प्रेसवर पत्रा ठेवायचा, हात बाहेर घ्यायचा, पायाने पायडल दाबायचं. वरून भलामोठा ठोकळा दणकन येतो आणि पत्र्याला आकार देऊन परत जातो. की पुन्हा पत्रा. शिफ्टभर तेच.

रविवारी वस्तीतल्या विहारापाशी गायन पार्टीचा सराव असे. पुढे एक गायक हातवारे करत गायचा, मागे सहा-सात जण झील धरायचे, म्हणजे त्याची ओळ उचलून म्हणायचे. अण्णा त्या मागच्यांत. आवाज चांगला, पण एकदा त्यांना पुढे उभं केलं तर दुसऱ्याच ओळीला शब्द विसरले आणि पेटीवाल्याकडे असे बघत राहिले, जणू त्यानेच ते पळवले. तेव्हापासून ते मागेच. घरात आपल्यातलं कुणीतरी पुढे उभं राहून गावं, हे त्यांच्या मनात तेव्हापासून असावं. बोलले कधी नाहीत.

शाळेत गाण्याच्या बाई मंगळवारी आणि शुक्रवारी पुण्याहून गाडीने यायच्या. पहिली ते दहावी, सगळ्या वर्गांना त्या एकट्याच. शाळेच्या पेटीच्या दोन पट्ट्या मुक्या होत्या, तिथे बाई स्वतःच्या तोंडाने सूर काढून पुढे जायच्या. तिसरीत त्यांनी आम्हाला तीनताल हातावर शिकवायला घेतला.

"माझ्याबरोबर म्हणा. टाळी, दोन, तीन, चार. टाळी, सहा, सात, आठ. खाली..."

सगळ्या वर्गाने खाली पाहिलं.

बाई थांबल्या. "काय बघताय?"

"बाई, खाली."

"पुन्हा. टाळी, दोन, तीन, चार. टाळी, सहा, सात, आठ. खाली..."

या वेळी मी नीटच काम केलं. बाकाखाली शिरले, इकडे तिकडे हात फिरवला आणि वर आले. "बाई, सापडली!" माझ्या हातात कुणाची तरी शिसपेन्सिल होती.

बाई इतक्या हसल्या की त्यांनी चष्मा काढून पदराने डोळे पुसले. मग म्हणाल्या, "अगं, खाली म्हणजे रिकामी! तिथे टाळी द्यायची नाही. नुसता हात बाजूला न्यायचा. जागा मोकळी सोडायची."

"मग बाई, रिकामी म्हणा ना," मागून एक मुलगा म्हणाला.

"तबल्याला मराठी कळत नाही रे," बाई म्हणाल्या.

मला मात्र कळलं. कसं कळलं माहीत नाही, पण नववी मात्रा कुठे येते हे त्या दिवसापासून मला आपोआप कळायला लागलं. माझं नावही त्याच दिवशी ठरलं. मधल्या सुट्टीत एकीने हाक मारली, "ए खाली, डबा खायला येतेस का?" आणि दहावीचा निकाल लागेपर्यंत मी खालीच राहिले.

पुढच्या शुक्रवारी बाईंनी समूहगानासाठी मुलं निवडली. एकेकाला पुढे बोलवून पेटीवर सा वाजवायचा आणि तो म्हणायला लावायचा. माझी पाळी आली. मी मन लावून सा म्हटला. बाईंनी पुन्हा वाजवला. मी पुन्हा म्हटला, आणखी मन लावून.

बाई हळूच म्हणाल्या, "बाळ, सगळ्यांचा सा कासारवाडीला उतरतो. तुझा कधी दापोडीलाच उतरून पडतो, नाहीतर थेट चिंचवड गाठतो. मधल्या स्टेशनावर म्हणून थांबत नाही."

वर्ग हसला. मीही हसले, कारण रडू येण्याआधी हसून घेतलेलं बरं असतं. पण बाईंनी मला काढलं नाही, हे मी मुद्दाम सांगते. त्या म्हणाल्या, "तू पुढे, कडेला उभी राहा. गायचं नाही. हाताने ताल धरायचा, आणि खाली ठळक दाखवायची. ही सगळी तिथेच घसरतात."

घरी जाऊन मी सांगितलं, "मला गाण्यात घेतलं."

अण्णा जेवत होते. त्यांचा घास हातातच राहिला. "गाण्यात? तुला? पुढं का मागं?"

"पुढं."

इथपर्यंत सगळं खरं होतं. मग त्यांनी विचारलं, "म्हंजी गाती तू?" आणि मी मान हलवली. हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही, नुसती हलवली. माझ्या आयुष्यातलं पहिलं खोटंही मी असं आवाज न काढता, खुणेनेच बोलले.

दुसऱ्या दिवशी प्रेस शॉपला कळलं की यांची पोरगी गाते. आईने खडीसाखर आणली आणि रोज सकाळी मी शाळेत निघताना ती एक खडा माझ्या तोंडात ठेवायला लागली, घशासाठी. आठ वर्षं मी न गाणाऱ्या घशासाठी खडीसाखर खाल्ली. कुणी पाहुणे आले की अण्णा म्हणायचे, "म्हण की एखादं," आणि मी म्हणायचे, "बाईंनी सांगितलंय, घसा सांभाळायचा." पाहुण्यांना ते फार मोठं वाटायचं. आईला बहुतेक संशय होता. एकदा भाकरी थापता थापता ती म्हणाली, "गाणारीचा घसा कधीतर बसतो. हिचा कसा कधीच बसला न्हाई?" मी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत घोगरं बोलले.

दरवर्षी शाळेचं संमेलन असायचं आणि त्याची सुरुवात बाईंनी बसवलेल्या स्वागतगीताने व्हायची. दरवर्षी मी पुढे कडेला. आणि दरवर्षी नेमकी त्या आठवड्यात अण्णांची सेकंड शिफ्ट यायची. ते हळहळायचे. मी तोंड बारीक करायचे आणि मनातल्या मनात कंपनीच्या शिफ्टच्या तक्त्याला हात जोडायचे.

अशी वर्षं गेली. पाचवीत लेखी परीक्षेत 'तीनतालाची माहिती लिहा' हा प्रश्न आला तेव्हा मी दीड पान लिहिलं, त्यातलं एक पान नुसत्या खालीवर. सातवी-आठवीत मुलांचे आवाज फुटले, सूर लावणारे दोन हुकमी गडी बाद झाले. मी टिकले, कारण माझ्याकडे फुटण्यासारखं काही नव्हतं. गाणारे येत-जात राहिले, हात तोच राहिला.

दहावीचं संमेलन आठ दिवसांवर आलं तेव्हा एका संध्याकाळी अण्णा घरी आले ते हसतच. आमच्या चाळीत शेवटच्या खोलीत राहणारे काका त्यांच्याबरोबर होते. तेही प्रेस शॉपला. प्रेसनेच त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली होती, आणि त्यावरून सगळ्यात जास्त विनोद ते स्वतःच करायचे.

"बदली घेतली," अण्णा म्हणाले. "त्या दिवशी फर्स्ट शिफ्ट. साडेतीनला सुटतो, चारला तुझ्या शाळंत."

"मी बी येतो," काका म्हणाले. "आनखी दोघं येत्यात. आठ वर्सं नुसतं ऐकतोय, पोरगी गाती, पोरगी गाती. एकदा बघू तर द्या."

आईने माझ्याकडे पाहिलं आणि खडीसाखरेचा डबा खाली काढला.

त्या मंगळवारी मी बाईंना गाठलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी मला अडवलं नाही, त्या रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "आठ वर्षं? आणि मला आज सांगतेस?"

"बाई, एक ओळ तरी शिकवा. एकच. अण्णांना ऐकू जाईल एवढी."

मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर बाईंनी माझा सा घेतला. शुक्रवारीही घेतला. दापोडी, चिंचवड, दापोडी, चिंचवड. एकदा तर बाई म्हणाल्या, हा लोणावळा असावा.

"एक शब्द तरी, बाई."

"बाळ, मी खोटं सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "वडिलांनाच सांगून टाक ना."

"काय सांगू?"

"की तू नसलीस तर माझी सगळी फौज नवव्या मात्रेला पडते."

"त्यांना नववी मात्रा माहीत नाही, बाई. त्यांना गाणं माहीत आहे."

"मग?"

"मी नुसते ओठ हलवू का?"

बाईंनी पेटीचा भाता बंद केला. "ते तुझं तू ठरव," म्हणाल्या. "माझ्याकडून मी तुला हात दिलाय."

मी ओठ हलवायचं ठरवलं.

संमेलनाच्या दिवशी शाळेच्या मैदानात मांडव होता. पुढे पाहुण्यांच्या खुर्च्या, मग सतरंज्या, आणि मागे उभं राहणारे. चार वाजता पडद्याच्या फटीतून पाहिलं तर मागे उजवीकडे अण्णा, काका आणि आणखी दोघं, कंपनीच्या निळ्या कपड्यांतच, केस पाण्याने चापून बसवलेले. अण्णा टाचा उंचावून बघत होते.

पडदा वर गेला. बाईंनी पेटीवर सूर दिला, नववीतल्या मुलाने तबल्यावर ठेका धरला आणि माझ्यामागे बारा जणांनी स्वागतगीत सुरू केलं. मी ओठ हलवायला लागले. टाळी. टाळी. नववी मात्रा आली आणि मी सवयीने उजवा हात बाजूला नेला, चांगला ठळक, थेट अण्णा उभे होते त्या दिशेला.

अण्णांना वाटलं, पोरगी टाळी मागतेय.

गायन पार्टीत तसंच असतं. पुढच्या गायकाने लोकांकडे हात केला की लोकांनी टाळी द्यायची, नाही दिली तर त्याचा अपमान. अण्णांनी दणदणीत टाळी दिली. काका आणि बाकीच्या दोघांनीही. प्रेस शॉपच्या हातांची टाळी ती, सतरंजीवरची लहान मुलं दचकून मागे वळली.

मी हात खाली घेतला. पण ताल थांबत नाही. सोळा मात्रा फिरून आल्या, नववी आली, हात गेला. आता टाळीत मागच्या सगळ्या रांगा होत्या. तिसऱ्या फेरीला पाहुण्यांनीही वाजवली. सबंध मांडव सोळा मात्रांतल्या बरोबर त्या एका मात्रेवर टाळी देत होता जिथे टाळी द्यायची नसते. इतक्या माणसांनी एकमताने केलेली चूक मी तोपर्यंत पाहिली नव्हती.

मागे गडबड सुरू झाली. टाळी पडली म्हणजे ओळ पहिल्यापासून धरायची असं वाटून बारांतल्या सहा जणांनी ओळ पुन्हा सुरू केली आणि सहा जण पुढे गेले. तबलेवाला माझ्याकडे बघायला लागला. बाई पेटीवरून माझ्याकडे बघायला लागल्या. मी हात न हलवता उभी राहिले, तरी मांडवाने टाळी दिलीच. त्यांना आता माझी गरज नव्हती. काका तर दोन्ही हात डोक्यावर घेऊन तयार होते, आणि पुढच्या सतरंजीवरची माणसं उत्साहाने अर्धवट उठली होती.

पुढची नववी मात्रा येताना मला दिसत होती. माईक माझ्या अगदी जवळ होता. मी ओठ हलवायचं विसरले, तोंड उघडलं आणि ओरडले,

"खाली!"

दोन गोष्टी झाल्या. माझ्यामागच्या बारा जणांना आपण कुठे आहोत ते कळलं आणि ते एकत्र आले. आणि समोर अर्धा मांडव मटकन खाली बसला. अण्णा, काका आणि ते दोघं तर मागे जमिनीवर मातीतच बसले, मांडी घालून, हात मांडीवर ठेवून. त्यानंतर गाणं संपेपर्यंत कुणी टाळी दिली नाही. गाणं संपल्यावरही दिली नाही. शेवटी मुख्याध्यापकांनी उठून सुरुवात केली, तेव्हा लोकांनी आधी माझ्याकडे बघून घेतलं.

पडदा पडला. मी बाईंकडे बघायचं टाळत होते. त्या पेटी बंद करता करता म्हणाल्या, "अगं, ते 'खाली'. नेमकं 'सा'वर लागलं."

"काय, बाई?"

"कासारवाडीला उतरलीस आज."

घरी जाताना रुळांच्या बाजूने आम्ही तिघं चाललो होतो. बाकीचे दोघं पिंपरीकडे गेले होते. अण्णांच्या पँटला मागे माती लागली होती आणि ती झटकायची त्यांना आठवण नव्हती.

"राव, फोरमनला बी असा आवाज न्हाई," काका म्हणाले. "अर्धी जनता बसवली पोरीनं."

"पुढं हुबी व्हती," अण्णा म्हणाले. "बघितलं न्हवं? बाकीची समदी मागं झील धरत व्हती. हात करत व्हती ही, हात."

मग मला कळलं की मी वाचले आहे. अण्णांच्या हिशेबाने पुढे उभा राहून हातवारे करतो तो गायक, मागचे ते झीलकरी. मी काही न बोलता घरी गेले असते तर ते खोटं जन्मभर सुखाने राहिलं असतं. मी शंभरेक पावलं तशीच चालले. पण ते इतके खूश होते की माझ्याच्याने राहवेना. लबाडीच्या पैशाने कुणाला मिठाई खाऊ घालावी तसं वाटायला लागलं.

"अण्णा, मी गात नव्हते."

"आं?"

"मी गातच नाही. मला सूर लागत नाही. तिसरीपासून मी फक्त हात दाखवते."

अण्णा थांबले. काकाही थांबले.

"एकदा बी न्हाई?"

"आज 'खाली' म्हटलं, तेवढंच."

"आन् ती खडीसाखर?"

"खाल्ली."

समोरून एक मालगाडी गेली, तिचे डबे संपेपर्यंत बोलणं शक्यच नव्हतं. ती गेल्यावर अण्णांनी विचारलं, "मग बाईनं तुला काढलं कसं न्हाई?"

मी सांगायचा प्रयत्न केला. सोळा मात्रा असतात, तीन ठिकाणी टाळी, एक जागा मोकळी. ती कळली नाही तर गाणारे चुकतात. ती दाखवायला कुणीतरी लागतं. सांगता सांगता मला ते फारच थोडं वाटायला लागलं. आठ वर्षांच्या मानाने.

काका ऐकत होते. त्यांनी उजवा हात वर केला, उरलेली तीन बोटं माझ्यापुढे धरली. "म्हंजी हात कवा बाजूला न्यायचा, ती जागा हिला कळती," ते अण्णांना म्हणाले. "आरं, हिला आमच्या शॉपला घ्याया पायजे व्हती. मला लई उशिरा कळली ती."

अण्णा हसले नाहीत. चालायला लागले. चाळीच्या तोंडाशी नळापाशी आल्यावर त्यांनी मागे वळून पाहिलं, काका त्यांच्या खोलीकडे गेल्याची खात्री केली आणि हळू आवाजात म्हणाले, "एक सांगू? पार्टीत मला बी निम्मं गाणं येत न्हाई."

"मग?"

"शब्द आठवंना की नुसतं तोंड हलवतो. बारा-तेरा वर्सं झाली. कुनाला म्हनू नको."

आम्ही दोघं तिथे नळापाशी उभं राहून इतके हसलो की आई बाहेर आली.

तिला आम्ही काय सांगितलं ते आठवत नाही. पण दुसऱ्या दिवसापासून खडीसाखर बंद झाली ती झालीच. कॉलेजच्या पहिल्या दिवशी मात्र तिने एक खडा पुन्हा हातावर ठेवला. "आता हाताला चोळ," म्हणाली.

अण्णांनी त्यानंतर माझ्याकडून तीनताल शिकायला घेतला. शिकणं अजून चालू आहे. सुट्टीच्या दिवशी पायरीवर बसून मांडीवर मात्रा मोजतात, अगदी सावकाश, हिशेब चुकू नये म्हणून ओठ हलवत. एक, पाच, सगळं बरोबर येतं. नवव्या मात्रेला मात्र जोरात टाळी वाजवतात.

"अण्णा, खाली," मी म्हणते.

"व्हय, खाली," म्हणतात, आणि एक पायरी खाली उतरून बसतात.